मोरचुदाच्या पाण्यातला अमोनिया

दूषित पाण्यातल्या नायट्रेटपासून विजेच्या साह्याने अमोनिया करण्याचं संशोधन गेल्या काही वर्षांत जोरात आलं आहे. त्यावरचे लेख बहुधा हाबर-बॉशपासून सुरू होतात. 1909 साली हाबरने हवेतल्या नायट्रोजनचा अमोनिया करून दाखवला, 1913 मध्ये ओप्पाऊला कारखाना उभा राहिला, आता त्या प्रचंड दाबाच्या भट्टीला पर्याय हवा, वगैरे. ही वंशावळ मला मुळीच पटत नाही. हाबरचा कच्चा माल नायट्रोजन वायू होता, इथला नायट्रेट आहे. या तंत्राचं माहेर तांब्याची प्रत तपासणाऱ्या प्रयोगशाळेत आहे, असं माझं ठाम मत आहे.

पुरावा आपल्याकडच्या रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हाताळलेल्या व्होगेलच्या जाडजूड पुस्तकातच आहे. विजेने तांबं साठवून त्याचं वजन करायचा तो प्रयोग. द्रावणात सल्फ्युरिक आम्लाबरोबर थोडं नायट्रिक आम्ल घालायचं, प्लॅटिनमची जाळी बुडवायची आणि प्रवाह सुरू करायचा. थोड्याच वेळात जाळीवर गुलाबी-लालसर थर चढतो. तांबं संपलं का हे बघायला पातळी जराशी वाढवतात. नव्याने बुडालेल्या तारेवर लाली आली नाही, म्हणजे संपलं. मग वीज चालू ठेवूनच जाळी धुवायची, नाहीतर आम्ल तांबं परत खातं.

नायट्रिक आम्ल कशासाठी? ते नसेल तर शेवटी शेवटी जाळीवर हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात, थर भुसभुशीत होतो आणि झडतो. हायड्रोजनकडे जाणारे इलेक्ट्रॉन नायट्रेट आधीच उचलतं. एक नायट्रेट, आठ इलेक्ट्रॉन, दहा हायड्रोजन आयन, आणि तयार होतो अमोनियम. आजच्या शोधनिबंधांच्या पहिल्या पानावरही हाच आठ इलेक्ट्रॉनांचा हिशेब असतो. तिथे ज्याला मुख्य उत्पादन म्हणतात, ते इथे तांब्याचा थर नीट बसावा म्हणून होऊ दिलेलं आनुषंगिक काम होतं. आणि जाळी प्लॅटिनमची असली तरी तांब्याने मढल्यावर नायट्रेटची गाठ तांब्याशीच पडते.

विजेने तांबं मोजण्याची ही पद्धत कोणाची, यावर जुना वाद आहे. अमेरिकेच्या वोल्कॉट गिब्सने ती 1864 मध्ये छापली. 1865 मध्ये जर्मनीच्या लुकोव्हने आपण ती आधीपासून वापरतो असं सांगितलं. छापण्याचा मान गिब्सचा हे खरं, पण आपल्या कुळाचा मूळपुरुष मी लुकोव्हलाच मानतो. मान्सफेल्डच्या तांबेखाणवाल्यांनी त्याची पद्धत स्वीकारली, आणि ती नायट्रिक आम्लातली होती. प्रवाह फार वेळ चालला की आम्ल अमोनियात बदलून संपत जातं आणि वरून नवं घालावं लागतं, ही गोष्ट त्या पिढीच्या विश्लेषकांच्या अंगवळणी पडली होती.

व्हिएन्नाच्या फोर्टमानने 1890 मध्ये हीच पद्धत उलटी फिरवली. नायट्रेट मोजायचं असेल तर त्यात मुद्दाम मोरचूद घालायचा आणि वीज सोडायची. तांबं साठत असताना नायट्रेटचा अमोनिया होतो. मग अल्कली घालून तो उकळून काढायचा आणि मोजायचा. मोरचूद नसेल तर आम्लातल्या नायट्रेटचा अमोनिया होत नाही, हे तेव्हाच लक्षात आलं होतं. तांबं उत्प्रेरक आहे, याची यापेक्षा स्पष्ट नोंद ती काय हवी?

कुणी म्हणेल, मान देवार्दाला द्या. चिलीच्या सोऱ्यातलं नायट्रेट मोजायला त्याने केलेला मिश्रधातू (सुमारे निम्मं तांबं, 45 टक्के ॲल्युमिनियम, 5 टक्के जस्त) आजही प्रयोगशाळेत वापरतात. पण त्यातही ॲल्युमिनियम झिजून इलेक्ट्रॉन देतं आणि तांबं ते नायट्रेटला पोचवतं, असंच मी समजतो. म्हणजे हेही विजेचंच काम, फक्त तारेविना. टाफेलने 1902 मध्ये पाऱ्यावर हायड्रॉक्सिलअमीन आणि तांब्यावर अमोनिया मिळतो असं दाखवलं. तोही माझ्याच बाजूचा साक्षीदार.

सगळ्यात नवल वाटतं ते नायट्राइटचं. नायट्रस आम्ल (म्हणजे नायट्राइटचंच आम्लरूप) असलं की तांबं पुरतं साठत नाही, म्हणून व्होगेल ते उकळून किंवा युरिया घालून घालवायला सांगतो. आजही नुसतं तांबं वापरलं तर गाडी बऱ्याचदा नायट्राइटवरच अडते, आणि उत्प्रेरक सुधारण्याची बरीच धडपड ती पुढे ढकलण्यासाठी असते. टोरांटोच्या गटाने 2020 मध्ये तांब्यात निम्मं निकेल मिसळून शुद्ध तांब्याच्या सहापट क्रियाशीलता मिळवली. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठातल्या गटाने 2021 मध्ये लोखंडाचे सुटे अणू वापरले. त्यात जवळपास 75 टक्के प्रवाह अमोनियाच्या कामी आला. माझ्या सिद्धांताला हा खरा धक्का होता, कारण तिथे तांबं नव्हतंच. पण 2022 मध्ये राइसचे संशोधक तांब्याकडे आले. तांब्याच्या अतिसूक्ष्म तारांवर रुथेनियम पेरून त्यांनी तो आकडा 93 टक्क्यांवर नेला, आणि 2000 पीपीएम नायट्रेटचं पाणी 50 पीपीएमच्या खाली आणलं. आपल्याकडे पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे, म्हणजे त्याच्या आसपासच.

त्या पाण्यातून अमोनिया बाहेर काढला तो हवा फुंकून. हाती आला अमोनियाचा द्राव आणि घनरूप अमोनियम क्लोराइड, म्हणजे नवसागर. फोर्टमान तेच काम अल्कली घालून, उकळून करत होता.