अकरा ओळी

११ मार्च २०१६. कॅनडातल्या 'किक' या मेसेजिंग अ‍ॅपच्या कंपनीकडून अझर कोचुलू या प्रोग्रॅमरला मेल येतो. एनपीएमवर, म्हणजे जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या (इतरांनाही वापरता येणाऱ्या तयार कोडच्या) सार्वजनिक कोठारात, त्याचेही 'किक' नावाचे एक पॅकेज आहे. नाव बदलाल का, अशी विचारणा. तो नाही म्हणतो. नंतरच्या मेलमध्ये वकिलांचा उल्लेख येतो.

१८ मार्च. कोठार चालवणारी कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमधली कंपनी ते नाव किकला देऊन टाकते. कोचुलू कळवतो, माझी सगळीच पॅकेजेस इथून काढायची आहेत. ती कशी काढायची याची कमांड कंपनीच त्याला कळवते.

त्याच्या नावावर २७३ पॅकेजेस आहेत. त्यांवर कोण विसंबून आहे, हे कमांड विचारत नाही. नियमही विचारत नाही. २४ तासांहून जुने पॅकेज परस्पर काढता येणार नाही, ही अट अजून यायची आहे.

त्या २७३ मध्ये एक लेफ्ट-पॅड. ११ ओळींचा कोड. मजकुराच्या डावीकडे रिकाम्या जागा किंवा शून्ये भरून तो हव्या त्या रुंदीचा करायचा, ७ चे ००७, एवढेच त्याचे काम. नवशिक्यानेही चहा निवायच्या आत लिहावे असे. ते मुद्दाम मागवणारे थोडेच. बेबल हे जावास्क्रिप्टवाल्यांचे नेहमीचे साधन इन्स्टॉल केले की त्याच्या मागून लाइन-नंबर्स हे पॅकेज यायचे आणि लाइन-नंबर्सच्या मागून लेफ्ट-पॅड. वऱ्हाडाबरोबर आलेल्या पाहुण्याचे नाव कोण विचारतो?

लाइन-नंबर्सने मात्र नेमकी आवृत्ती लिहून ठेवली होती: ०.०.३. तीच, दुसरी नाही.

२२ मार्च, मंगळवार. कोचुलू कमांड चालवतो. ती बिनचूक चालते.

दुपारी २:३० नंतर, कॅलिफोर्नियातली वेळ. एनपीएमच्या नोंदींत दर मिनिटाला शेकडो अपयशी मागण्या दिसू लागतात. 'npm install' ही रोजची कमांड ४०४, म्हणजे 'सापडले नाही', सांगून थांबते. ज्यांनी लेफ्ट-पॅड कधी पाहिलेही नाही, त्यांच्या पडद्यावर ते नाव उमटते. भारतात २३ तारखेचे पहाटेचे तीन वाजून गेले आहेत.

पुढच्या दहा मिनिटांत. दुसरा एक डेव्हलपर तेच काम करणारा कोड त्याच नावाने चढवतो. आवृत्तीचा आकडा देतो १.०.०.

चुका थांबत नाहीत. लाइन-नंबर्स ०.०.३ मागत राहते. आणि एकदा वापरलेला आवृत्तीचा आकडा पुन्हा वापरता येत नाही. हाही कोठाराचाच नियम, आणि एरवी शहाणपणाचा.

४:०५. एनपीएम जाहीर करते की मूळ ०.०.३ बॅकअपमधून परत आणू. लेखकाने स्वतः काढलेले पॅकेज कंपनीने परत ठेवण्याची ही पहिलीच वेळ. आणखी ५० मिनिटे जातात.

४:५५. ०.०.३ जागेवर आहे. त्याच ११ ओळी, एक अक्षरही न बदलता. भारतात पहाटेचे ५:२५. पुण्यात सकाळी ऑफिसला पोचून ज्यांनी इन्स्टॉलची कमांड दिली, त्यांच्याकडे ती नेहमीसारखी चालली.