आधी रस्ता, मग घर



शहराला लागून असलेल्या गावांत हल्ली एक वाक्य सारखं कानावर येतं, "आमची जमीन यलोत आली." विकास आराखड्यात राहत्या घरांसाठी ठेवलेला भाग पिवळ्या रंगाने दाखवतात, म्हणून लोक त्याला यलो झोन म्हणतात. जमीन यलोत आली की भाव वाढतो, प्लॉट पडतात, इमारती उठतात. पण बैलगाडीच्या वाटेवर उद्या टँकर, डंपर आणि शाळेच्या बस एकदम येणार, तेव्हा आपण नि आपली पोरं चालणार कुठून? हा प्रश्न वेळेवर विचारला तर काय होतं आणि उशिरा विचारला तर काय होतं, हे आपल्या राज्याच्या इतिहासात दिसतं. तेच आज पाहू.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. दाट वस्त्यांत ना हवा होती ना उजेड. म्हणून १८९८ साली शहर सुधारण्यासाठी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टने जुन्या वस्तीतून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले. पण तिथे घरं आधीच उभी होती. ती पाडावी लागली आणि कितीतरी गरीब कुटुंबांचा निवारा गेला. दादर-माटुंग्याला क्रम उलटा होता. तिथे आधी रस्ते आखले, बागांसाठी जागा सोडली आणि मग घरांचे प्लॉट दिले. शंभर वर्षांनंतरही तिथले रुंद रस्ते आणि फाइव्ह गार्डन्स लोकांच्या उपयोगी पडतात.

पुढे १९१५ साली मुंबई प्रांतात नगररचनेचा कायदा झाला. त्यातली युक्ती आपल्याला सहज कळेल. एका भागातल्या सगळ्या जमिनी एकत्र धरायच्या, प्रत्येकाकडून रस्त्यासाठी थोडा हिस्सा घ्यायचा आणि उरलेल्या जमिनीचा नीट आकाराचा प्लॉट करून मालकाला परत द्यायचा. म्हणजे रस्त्यापायी एकाच घरचं शेत जात नाही.

तिसरी गोष्ट नवी मुंबईची. मुंबईची गर्दी हलकी करायला खाडीपलीकडे नवं शहर वसवावं, ही कल्पना १९६५ च्या सुमारास चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता यांनी मांडली. प्रवीणाताई वास्तुविशारद होत्या. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि १९७३ साली वाशीचा खाडीपूल खुला झाला. आराखड्यात रेल्वेचा विचार होता. पण लोकल वाशीला पोचली १९९२ साली! मधल्या जवळपास वीस वर्षांत राहायला आलेल्यांना मुंबई गाठायची तर बस नाहीतर स्वतःची गाडी, आणि मधे तो पूल. म्हणजे नकाशात जागा राखणं गरजेचं आहेच, पण गाडी कधी येणार आणि पैसा कोण देणार, हेही घरं उठण्याआधी ठरायला हवं.

हे ठरवताना आपल्याला बोलण्याचा हक्क आहे. महाराष्ट्राच्या १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे विकास आराखडा आधी प्रारूप म्हणून प्रसिद्ध करावा लागतो आणि लोकांकडून हरकती-सूचना मागवाव्या लागतात. त्यासाठी मुदत असते. ती निघून गेली की बोलणं अवघड होतं. म्हणून आपल्या भागाचा आराखडा निघाल्याचं कळलं की बचत गटाच्या बैठकीत तो नकाशा मागवून घ्या. त्यात पाहा: नवीन घरांकडे जाणारा रस्ता किती रुंद धरलाय? कडेला पायवाट आहे का? एसटी थांबणार कुठे? शाळेत जाताना मुलं रस्ता ओलांडणार कुठून? रात्री बाळंतिणीला न्यायला रुग्णवाहिका दारापर्यंत येईल का?

उत्तर सापडलं नाही, तर तेच लेखी द्या. सगळ्या जणींनी सह्या करा आणि पोच घ्यायला विसरू नका. नकाशा कच्चा असतो तेव्हा रेघ सरकवता येते. घरं उभी राहिल्यावर तीच रेघ कुणाच्या तरी चुलीवरून जाते.