लग्न कोण लावतं?

कॅथलिक लग्न कोण लावतं, असं विचारलं तर आपण चटकन म्हणतो, धर्मगुरू. पण रोमच्या परंपरेचं उत्तर वेगळं आहे. वधू आणि वर हेच एकमेकांना हा संस्कार देतात. धर्मगुरू ख्रिस्तसभेच्या वतीने दोघांची संमती विचारतात आणि आशीर्वाद देतात.

बाराव्या शतकात पोप तिसरे अलेक्झांडर यांनी ही संमतीच निर्णायक मानली. दोघांनी एकमेकांना पती-पत्नी म्हणून स्वीकारलं की लग्न झालं, साक्षीदार नसले तरी! आता अडचण बघा. गुपचूप लग्न केलेला पुरुष पुढे सरळ नाकारायचा आणि चारचौघांत दुसरं लग्न करायचा. पहिलीने काय सिद्ध करायचं?

म्हणून ११ नोव्हेंबर १५६३ रोजी ट्रेंटच्या धर्मपरिषदेने नियम केला. आधी लागोपाठ तीन रविवारी किंवा सणांना चर्चमध्ये नावं पुकारायची, लग्नाला धर्मगुरू आणि किमान दोन साक्षीदार हवेत, आणि नोंदवही ठेवायची. आईवडिलांच्या परवानगीशिवाय झालेलं लग्न रद्द धरावं, असा फ्रान्सचा आग्रह होता. तो मात्र परिषदेने मानला नाही.

यात श्रद्धेचा मोठा अर्थ आहे. पौलाने इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात पती-पत्नीचं नातं ख्रिस्त आणि ख्रिस्तसभेच्या नात्याशी जोडलं आहे. ख्रिस्ताने स्वतःला दिलं ते स्वेच्छेने. मग आपल्या 'हो'ची जागा दुसऱ्या कुणाचा 'हो' कसा घेणार? ट्रेंटने साक्षीदार आणले ते हा 'हो' नंतर कुणाला नाकारता येऊ नये म्हणून.