आधी रस्ता जातो

महाडला पूर येणार का, हे महाडच्या पावसावर थोडंच ठरतं. ते ठरतं महाबळेश्वरच्या माथ्यावर. सावित्री तिथे उगम पावते, कडा उतरून पोलादपूरला येते आणि महाडजवळ काळ आणि गांधारी या नद्यांचं पाणी पोटात घेऊन बाणकोटच्या खाडीकडे जाते. माथा साडेतेराशे मीटरच्या आसपास, आणि महाड इतकं खाली की भरतीचं पाणी जवळच्या दासगावपर्यंत जाणवतं. एवढी उंची नदी फार थोड्या अंतरात उतरते. म्हणून इथे घड्याळ लावायचं ते माथ्यावरच्या पावसाला, आणि मोजायचं ते रस्ता बंद व्हायला किती वेळ उरला हे. 22 जुलै 2021 चा घटनाक्रम मी असाच मांडतो आहे; तास मोजले आहेत ते त्या दुपारी साडेचारच्या सुमाराला महाड तालुक्यातल्या तळीये गावावर डोंगर कोसळला तिथपासून.

सुमारे 32 तास आधी : बुधवार, 21 जुलै, सकाळी 8.30

हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो. आषाढी एकादशी आदल्याच दिवशी झाली होती. भाताच्या लावणीचे दिवस, म्हणजे पाऊस हवाच असलेले दिवस. महाबळेश्वरला संततधार लागली तेव्हा खाली कोणाला त्यात वावगं वाटण्याचं कारण नव्हतं. महामार्ग चालू होता. डोंगराखालच्या एखाद्या वाडीतल्या माणसांना दोन दिवसांसाठी हलवायचं असतं, किंवा धबधब्यावर दोर लावायला निघालेल्या एखाद्या गटाला माघारी फिरायचं असतं, तर त्यासाठीचा दिवस हाच होता. पुढच्या सगळ्या तासांत हे काम अवघड होत गेलं.

सुमारे 16 तास आधी : बुधवारची मध्यरात्र

पौर्णिमा दोन-तीन दिवसांवर होती, म्हणजे खाडीला उधाण. वरून लोंढा येतो आणि खालून भरती दाबते, तेव्हा नदीला जायला जागा उरत नाही. महाडला सावित्रीची धोक्याची पातळी साडेसहा मीटर आहे. बाजारपेठेतल्या व्यापाऱ्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पाणी येणार म्हटलं की माल माळ्यावर चढतो, गाड्या उंचावर लागतात. त्या रात्रीही तसंच झालं. पहाट होईपर्यंत सखल भागात पाणी होतं.

सुमारे 8 तास आधी : गुरुवार, 22 जुलै, सकाळी 8.30

महाबळेश्वरच्या पर्जन्यमापकात चोवीस तासांचा आकडा आला : सुमारे 480 मिलिमीटर. तिथला तोवरचा चोवीस तासांचा उच्चांक 1977 च्या जुलैमधला, 491 मिलिमीटरचा. म्हणजे एका दिवसात माथ्यावर जवळजवळ अर्धा मीटर पाणी पडलं होतं आणि ते सगळं उताराला लागलं होतं. रायगडला लाल इशारा होता.

हे गणित सह्याद्रीपुरतं नाही. 12 ऑगस्ट 1997 रोजी अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटात अँटिलोप कॅन्यन नावाच्या अरुंद घळीत 11 पर्यटक वाहून गेले. घळीवर मोठा पाऊस नव्हताच. तो पडला होता कित्येक किलोमीटर वरच्या बाजूला, आणि पाणी आलं ते भिंतीसारखं. आपल्या नाळा त्याच जातीच्या आहेत. बोराट्याची नाळ, सिंगापूरची नाळ, आग्या नाळ या महाड तालुक्यात उतरणाऱ्या वाटा हिवाळ्यात ट्रेकरांच्या आवडीच्या. पण नाळ म्हणजे घाटमाथ्याचं पाणी खाली जाण्याचा मार्ग. माणूस तिच्यातून उरलेल्या महिन्यांत जातो एवढंच. पायाखालचे मोठाले धोंडे तिथे कोणी आणून टाकले, हे एकदा नीट पाहिलं तर जुलैत तिच्यात उतरायची इच्छाच होणार नाही. मढे घाटासारख्या ठिकाणी पावसाळ्यात धबधब्यावर दोर लावून उतरण्याचे कार्यक्रम होतात, तिथे निदान दोर, अँकर आणि जाणती माणसं असतात. खरा प्रश्न पुढचा आहे : उतरून खाली आल्यावर गाडी जिथे उभी आहे तिथवरचा साकव जागेवर असेल का?

सुमारे 4 तास आधी : गुरुवारची दुपार

महाड हे चारी बाजूंनी रस्ते असलेलं गाव. उत्तरेला माणगाव, दक्षिणेला पोलादपूर आणि पुढे कशेडी घाट, पूर्वेला वरंध घाटाने भोर, आणि पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर. शिवाय कोकण रेल्वेचं वीर स्थानक. गुरुवारी दुपारपर्यंत यातलं बरंच काही हातातून गेलं होतं. महामार्गावर पाणी होतं. चिपळूण वाशिष्ठीच्या पुरात बुडालं आणि रेल्वे थांबली. घाटांमध्ये दरडी कोसळत होत्या; आंबेनळीत तर रस्ता जागोजागी खचला. वीज गेली, मग मोबाइलचे टॉवर गेले.

या रस्त्यांचा इतिहास इथल्या माणसाला विसरता येत नाही. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात कोसळला. अंधारात रस्ता पुढे आहे असं समजून आलेल्या दोन एसटी बस आणि इतर वाहनं नदीत गेली. काही मृतदेह पार समुद्रकिनाऱ्यावर सापडले. 28 जुलै 2018 ला दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची सहलीची बस आंबेनळी घाटातून दरीत कोसळली. एक जण सोडून सगळे गेले. धुक्यात, पावसात, निसरड्या कातळावरून दोर टाकून त्यांना वर काढलं ते भोवतालच्या ट्रेकर मंडळींनी. हौसेपोटी शिकलेली कला त्या दिवशी दुसऱ्यांच्या घरच्यांसाठी कामी आली, आणि माझ्या लेखी त्या सगळ्या मंडळींचं ऋण या तालुक्यांवर कायमचं आहे.

पण 22 जुलैला दोर आणि माणसं असूनही भागणार नव्हतं, कारण तिथवर पोचायचं कसं हाच प्रश्न होता. आणि खालचं शहर स्वतःच बुडत असताना डोंगरातल्या वाडीकडे पाहणार कोण?

त्याच वेळी डोंगरात जे चाललं होतं ते डोळ्यांना दिसणारं नव्हतं. इथल्या उतारांवर खाली काळा कातळ आणि वर झिजून झालेल्या मातीचा, दगडगोट्यांचा थर. पाणी मातीतून मुरतं, कातळावर अडतं, तिथेच साठतं. थर जड होतो आणि त्याची कातळावरची पकड सुटत जाते. हे एका सरीने होत नाही. दीड-दोन दिवसांची संततधार लागते. ती आता पुरी होत आली होती.

गुरुवार, दुपारी चार-साडेचार

तळीये गावच्या कोंडाळकरवाडीवर डोंगर आला. तीसेक घरं गाडली गेली.

पहिले काही तास

बातमी बाहेर काढायला फोन नव्हता आणि माणूस पाठवायला रस्ता नव्हता. तळीयेतले वाचलेले आणि आजूबाजूच्या वाड्यांतले लोक हातांनी, फावड्यांनी चिखल उपसत होते. ओल्या दरडीखाली हवा फार थोडी असते, हे त्यांनाही कळत होतं. खाली महाडमध्ये लोक पहिल्या मजल्यावरून दुसऱ्यावर चढत होते, जुन्या पुरांच्या खुणा पाण्याखाली गेल्या होत्या. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे इथेही दरडी कोसळल्या. दोन्ही ठिकाणी मिळून 11 जण गेले. तळीयेच्या आकड्यापुढे ही दोन नावं बातम्यांत मागे पडली. पडायला नको होती.

सुमारे 16 तासांनी : शुक्रवार, 23 जुलै, सकाळी 8.30

महाबळेश्वरचा नवा आकडा : 594 मिलिमीटर. 1977 चा उच्चांक शंभरावर मिलिमीटरने मोडला. दोन दिवसांची बेरीज हजाराच्या वर. याचा अर्थ असा की ज्या चोवीस तासांत तळीये गाडलं गेलं आणि लोक ढिगाऱ्यावर उभे राहिले, त्यांत माथ्यावर आदल्या दिवसापेक्षा जास्त पाणी पडलं होतं.

शुक्रवारची दुपार

पाणी उतरू लागलं. रस्त्यावरच्या दरडी बाजूला करत राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची माणसं तळीयेला पोचली ती दुपारच्या सुमाराला, म्हणजे डोंगर कोसळून जवळजवळ वीस तास झाल्यावर. यात दलाची कसूर नाही. ते वीस तास रस्त्याने खाल्ले. त्या दिवशी प्रशासनाने तळीयेतले 32 मृत्यू जाहीर केले. तोवर पुष्कळसे मृतदेह गावकऱ्यांनीच बाहेर काढले होते.

शनिवार ते सोमवार

24 तारखेला मुख्यमंत्री उद्धव ठाकरे गावात आले. सोमवारी, 26 जुलैला, शोध थांबवण्यात आला. 53 मृतदेह मिळाले होते. उरलेल्या 31 बेपत्तांना मृत मानायचं ठरलं. ढिगाऱ्यात आणखी यंत्रं चालवू नका, आमच्या माणसांची विटंबना होते, असं नातेवाइकांचंच म्हणणं पडलं.

त्याच्या सोळा वर्षं आधी याच आठवड्यात, 25-26 जुलै 2005 ला, याच तालुक्यात दासगाव, जुई, रोहन आणि कोंडिवते इथे दरडींखाली जवळपास दोनशे माणसं गेली होती. त्यानंतर भूवैज्ञानिकांच्या पाहणीतून रायगड जिल्ह्यातल्या दरडप्रवण गावांची यादी झाली. 103 गावांच्या त्या यादीत तळीये नव्हतं. यादी करणं आवश्यकच होतं, तिच्यावर टीका करणं सोपं आहे. पण डोंगराखालच्या प्रत्येक वाडीसाठी यादीत नाव आहे की नाही यापेक्षा मोठी खूण तिचा रस्ता आहे. पऱ्या साकवावरून वाहू लागला, घाटात पहिली दरड आली, ओढ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं, की समजायचं : आता इथून निघायला उरलेला वेळ दिवसांत मोजायचा नाही. वाडीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणि गुरांना घेऊन निघायला अर्धा दिवस सहज लागतो. पुण्या-मुंबईहून आलेल्या हौशी ट्रेकराला तासाभरात निघता येतं, आणि म्हणूनच त्याने सगळ्यांत आधी निघावं. अडकला तर त्याच्या शोधात जाणारी माणसं वाडीच्या वाट्याची असतात.

त्या पावसानंतर महाडला आपत्ती दलाची तुकडी पावसाळ्यापूर्वीच मुक्कामाला आणून ठेवायला सुरुवात झाली. घाट बंद झाल्यावर पुण्याहून निघून काही उपयोग होत नाही.