बर्फाच्या पाण्यावरची माल्बेक

साल १८५३. तुम्ही अर्जेंटिनातल्या मेंदोझा गावात, एका पाटाच्या कडेला उभे आहात. पश्चिमेला अँडीजची उभी भिंत. पाटात हात घाला. बोटं बधिर होतात, कारण हे पाणी वरच्या बर्फातून आलंय. पाऊस इथं वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटर. जे काही हिरवं दिसतंय ते पाटांवर पोसलेलं, आणि पाटाचं पाणी खेळवायला सुरुवात केली ती इथल्या मूळनिवासी उआर्पे लोकांनी, स्पॅनिश इथं यायच्या आधी.

समोर एक फ्रेंच कृषितज्ज्ञ द्राक्षाच्या काड्या लावतायत: मिशेल एमे पूजे. अर्जेंटिनाचे राजकारणी दोमिंगो फाउस्तिनो सार्मिएंतो यांच्या आग्रहामुळे शेतीशाळा निघतेय. तिचा प्रस्ताव १७ एप्रिलला प्रांताच्या विधिमंडळापुढे आला. पूजे चिलीहून आलेत आणि त्यांच्या फ्रेंच वाणांत माल्बेकही आहे. फ्रान्सच्या ओलसर हवेत नेहमी आजारी पडणारी ही वेल. इथली कोरडी हवा तिला मानवते.

आठ वर्षं पुढं चला. २० मार्च १८६१ ची रात्र, द्राक्षतोडणीचे दिवस. जमीन हलते आणि कच्च्या विटांचं अख्खं गाव खाली बसतं. हजारो माणसं मरतात. ढिगाऱ्यांतून वाट काढत बागेकडे या. वेली उभ्या आहेत. त्यांच्या डोक्यावर कोसळायला छप्पर नव्हतं. नवं शहर पुढं रुंद रस्ते आणि मोठे चौक ठेवून बांधलं जातं. धरणीकंप झाला तर माणसांना पळायला मोकळी जागा हवी.

१८८५ मध्ये आगगाडी येते. वाइनची पिंपं हजार किलोमीटरवरच्या ब्वेनोस आइरेसला जाऊ लागतात आणि इटली-स्पेनहून आलेली कुटुंबं सखल जमिनीवर बागा वाढवतात. बराच काळ भर राहतो तो उत्पादनावर, चवीवर नाही. तिकडे फ्रान्समध्ये फिलॉक्सेरा किडीनं बागा खाल्ल्या, आणि १९५६ च्या कडाक्याच्या थंडीनं माल्बेकचं जुनं घर असलेल्या काओरमधल्या वेली मोठ्या प्रमाणावर मारल्या.

आता १९९२. मेंदोझा प्रांतातल्या ऊको खोऱ्यात, तुपुंगातोजवळच्या ग्वाल्तायारीत, समुद्रसपाटीपासून साधारण १,४५० मीटरवर. अंगावर जाड स्वेटर हवाच. वाइन उत्पादक निकोलास कातेना इथं बाग लावतायत आणि तिला मुलीचं नाव देतायत, आद्रियाना. एवढ्या थंडीत द्राक्षं पिकणारच नाहीत, असं जाणकारांचं म्हणणं. मला या माळरानावरचं कातेनांचं धाडस फार मोठं वाटतं, कारण वेल चुकीच्या जागी लावली की ते कळायलाच काही वर्षं जातात.

वेली फळाला येईपर्यंत इथं थांबा, मग एक दिवस मावळू द्या. दुपारी ऊन त्वचेला चटका देत होतं. उंचीवर अतिनील किरणं तीव्र असतात आणि त्यांच्यापासून बचावण्यासाठी मण्यांची साल जाड होते. वाइनचा गडद जांभळा रंग आणि तुरटपणा त्या सालीतूनच येतो. सूर्य डोंगराआड जाताच थंडी उतरते आणि वेलीचा श्वास मंदावतो. दिवसा तयार झालेली साखर टिकते, आंबटपणाही जळून जात नाही. घड सावकाश पिकतात. पायाखाली वाळू, गोटे आणि मधूनमधून पांढरा चुन्याचा थर. एक मणी दाताखाली फोडा: गोड, पण जिभेच्या कडांना आंबट झणका. मागाहून येणारा व्हायोलेट फुलांचा वास पेल्यातही ओळखू येतो. सखल भागातली माल्बेक चांगलीच लागते, पण ही अधिक जिवंत.

शेवटी आजच्या दिवसात या. बागांवर गारांपासून वाचवणाऱ्या जाळ्या ताणल्या आहेत. २०१० पासून अँडीजवर बर्फ बरीच वर्षं कमी पडलाय, आणि जुन्या पाटांची जागा बहुतेक नव्या बागांत ठिबकनं घेतली आहे. उंचावर वेल टिकते हे सिद्ध झालं. पुढच्या लागवडीला पाणी कुठून मिळणार, यावर इथले शेतकरी हिशेब मांडतायत.