सौर प्रारणाचे मापन आणि दुर्गम प्रदेश

एखाद्या दुर्गम वाडीवर सूर्यशक्तीपासून वीज निर्माण करावयाची झाल्यास तेथे ऊन किती पडते, हा पहिला प्रश्न होय. भारतात या प्रश्नाचे उत्तर कसे सिद्ध होत गेले हे पाहू लागल्यास असे दिसते की, मोजणी मुख्यतः शहरांतील वेधशाळांत झाली आणि दुर्गम भागांचे आकडे बहुतांशी अनुमानाने आले.

या अनुमानाचे मूळ एका साध्या उपकरणात आहे. कॅम्पबेल यांनी १८५३ मध्ये योजिलेल्या व स्टोक्स यांनी १८७९ मध्ये सुधारलेल्या सूर्यप्रकाश-लेखकात काचेचा भरीव गोळा ऊन एकवटून जाड कागदाच्या पट्टीवर जळकी रेघ उमटवितो. तीवरून ऊन किती तास पडले हे कळते. ते किती प्रखर होते हे कळत नाही. पावसाने भिजलेली पट्टी कोवळ्या उन्हात जळत नाही. उलट, तुटक ढगांतून क्षणभर पडणारे प्रखर ऊन तीवर अधिक काळाचे भासते. म्हणजे उपकरणाचा दोष ऐन पावसाळ्यातच बळावतो. १९२४ मध्ये आँगस्ट्रॉम यांनी उन्हाचे तास व एकूण प्रारण यांचा रेषीय संबंध मांडला खरा. परंतु त्यातील स्थिरांक प्रत्यक्ष मापन झालेल्या ठिकाणांवरूनच काढावे लागतात.

असे मापन भारतात पद्धतशीरपणे सुरू झाले ते आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षाच्या (१९५७-५८) निमित्ताने. हवामान खात्याच्या या केंद्रांमागे अण्णा मणी (१९१८-२००१) यांचे परिश्रम होते. उपकरणे येथेच घडावीत आणि ती अचूक असावीत, असा त्यांचा कटाक्ष असे. १९८०च्या सुमारास निघालेले त्यांचे आकडेग्रंथ अभियंत्यांच्या पिढ्यांना आधारभूत ठरले.

पुढे उपग्रह आले. तथापि लडाखसारख्या प्रदेशात बर्फ आणि ढग दोन्ही शुभ्र असल्याने तेथेही जमिनीवरील मापनाचीच साक्ष घ्यावी लागते. २०११ पासून पहिल्या टप्प्यात ५१ नवी मापनकेंद्रे उभी राहिली. २०१४ मध्ये देशाची सौर क्षमता ७४८ गिगावॅट ठरविण्यात आली. ३ टक्के पडीक जमीन वापरली जाईल, हे त्यातील गृहीत होते.

प्रस्तुत लेखकाच्या मते असा आकडा राष्ट्रीय नियोजनास उपयुक्त असला, तरी सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील वाडीस तो फारसा कामाचा नाही. जुलैत सलग किती दिवस सूर्यदर्शन होत नाही, यावर तेथील बॅटरीचे आकारमान ठरते. आणि ही माहिती मासिक सरासरीच्या कोष्टकात नसते, ती दैनंदिन नोंदींतूनच शोधावी लागते.