सिकलसेल असताना कॉलेजला जाताय? नंदुरबार सोडण्याआधी एवढं करा

बारावीनंतर धडगाव, अक्कलकुवा, तळोद्याची मुलं नाशिक-पुण्याला निघतात, तेव्हा बॅगेत टीसी, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला आठवणीने ठेवलेला असतो. सिकलसेलची फाईल मात्र घरीच राहते. मग हॉस्टेलमध्ये रात्री ताप चढला की डॉक्टरांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं.

हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं, छाती, पोट असह्य दुखतं. नंदुरबारच्या भिल्ल, पावरा समाजांत तो आढळतो.

आधी रिपोर्ट नीट पाहा. 'एएस' म्हणजे वाहक, 'एसएस' म्हणजे रुग्ण. शाळेत झालेल्या साध्या सोल्युबिलिटी चाचणीतून हा फरक कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीचा रिपोर्ट लागतो. वाहकाला सहसा उपचार लागत नाहीत, सवलतीही रुग्णांसाठी आहेत.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज केला की सरकारी रुग्णालयात तपासणी होते आणि युडीआयडी कार्ड मिळतं. दिव्यांगत्व किमान 40 टक्के ठरलं, तर सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांतल्या 5 टक्के राखीव जागांवर हक्क सांगता येतो. प्रत्येक रुग्णाला 40 टक्के मिळतातच असं नाही, आणि कार्डाला वेळ लागतो. म्हणून अर्ज बारावीच्या वर्षातच करा. परीक्षेत तासाला 20 मिनिटं जादा वेळेची सवलत कॉलेजातही मागा, पण परीक्षा फॉर्म भरतानाच. ऐन पेपरच्या दिवशी कोणी ऐकत नाही.

हायड्रॉक्सियुरिया चालू असेल तर बरं वाटतंय म्हणून स्वतःहून बंद करू नका. त्यावर असताना ठरावीक काळाने रक्ततपासणी लागते. ती नव्या शहरात कुठल्या सरकारी रुग्णालयात होईल, हे निघण्याआधीच आपल्या डॉक्टरांना विचारा. निदान महिनाभराच्या गोळ्या सोबत असू द्या.

पाणी कमी पडणं, थंडी, अतिश्रम, जंतुसंसर्ग यांनी दुखणं उठतं. तोरणमाळची थंडी बाधत असेल तर नाशिकची डिसेंबरमधली पहाटही बाधेल. स्वेटर घ्या, गार पाण्याने अंघोळ टाळा. एनसीसी किंवा खेळात नाव देण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा.

101 फॅरनहाइटच्या पुढे ताप, छातीत दुखणं, धाप किंवा एका अंगाची ताकद जाणं, यांपैकी काहीही झालं तर सकाळची वाट पाहू नका. 108 ला फोन करा.

आजार लपवावासा वाटणं समजण्यासारखं आहे. वर्गात सांगू नका हवं तर, पण रेक्टर आणि खोलीतल्या एका मित्राला सांगाच. एका कागदावर रक्तगट, नेहमीचं हिमोग्लोबिन, गोळ्यांचा डोस, कशाची अॅलर्जी आणि डॉक्टरांचा नंबर लिहा. त्याचा फोटो त्या मित्राच्या मोबाइलमध्येही असू द्या.